अठरावा फर्मा सापडला!

झालं एकदाचं. ६ जूनच्या रात्री पावणेबाराला, गच्चीवर, बॅटरीच्या उजेडात शेवटचं पान उलटलं आणि मृग लागायच्या आत उन्हाळी बारा पुरे झाले. उन्हाळी बारा म्हणजे आमचा वाचनाचा उपक्रम: उन्हाळ्यात बारा खाने, म्हणजे पुस्तकांचे बारा ठरलेले प्रकार, वाचून भरायचे. मागच्या नोंदीत मी एवढंच लिहिलं होतं की पाचव्या खान्यात गाडी अडलीय. नक्की काय अडलंय ते लिहायला तेव्हा हातच धजत नव्हता. आज सगळं सांगते.

पाचवा खाना म्हणजे १९०० च्या आधीचं पुस्तक. मी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घेतली होती. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि ही कादंबरी त्यात तुकड्यातुकड्यानं येत गेली. यमू आपल्या तोंडून आपलं आयुष्य सांगते. ग्रंथालयाची प्रत ४६४ पानांची, पक्क्या बांधणीची, वर काळं कापड. रोजची चाळीस पानं धरली तर बारा दिवसांचं काम. सातव्या दिवसापर्यंत हिशेब चोख होता. खूण म्हणून जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या मागाच्या, जुन्या पंच कार्डाची पट्टी घातली होती. आमच्या टॉवेल कारखान्यात चादरीचे जुने माग होते तेव्हाची ती कार्डं स्टोअरमध्ये पडून असतात. भोकांची पट्टी जाड असते आणि पानातून घसरत नाही. ज्यांना मिळत असेल त्यांनी नक्की वापरून बघा.

१८ मे. दुपारी पारा ४३ वर, लाईट गेलेली, मी स्वयंपाकघरातल्या शहाबादीवर पाठ टेकून वाचत होते. २७२ वं पान संपलं, समोरच्या पानावर आले, आणि दोन-तीन ओळींतच वाटलं की हे आपण वाचलंय. आधी वाटलं डोळा लागला असेल. चार ओळी पुढे गेले, त्याही वाचलेल्या. मग पानाचा आकडा बघितला. २५७. म्हणजे २७२ नंतर पुन्हा २५७. पुढं चाळत गेले, पुन्हा २७२ आलं, आणि त्याच्या पुढं थेट २८९. तिथं बोलणं अर्ध्यात सुरू होतं, कोण कुणाला म्हणतंय त्याचा पत्ता नाही. मधली सोळा पानं गायब.

आपला नियम सगळ्यांना ठाऊक आहे. एक पान सुटलं तरी खाना भरत नाही. आणि नियम सोडा, यमूला मध्येच सोडून सोळा पानं पुढं जाऊन उभं राहायला माझं मन घेईना. पट्टी २७२ वरच ठेवली आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना पुस्तक घेऊन इथल्या, सोलापूरच्या साखर पेठेतल्या बांधणीवाल्या अण्णांकडे गेले. वाटलं पानं फाटली असतील तर शिवणीत तुकडे तरी दिसतील. अण्णांनी पुस्तक उघडायच्या आधी आकडे विचारले. मी सांगितले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "ताई, पानं फाटली नाहीत. पानं बसलीच नाहीत."

मग त्यांनी दाखवलं ते मला आजवर कुणीच दाखवलं नव्हतं. सोळा पानांचा एक फर्मा. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घालतात, त्याची ही सोळा पानं. १६ गुणिले १७ बरोबर २७२. सतरावा फर्मा २७२ ला संपतो, अठरावा २७३ ते २८८. त्यांनी २५७ व्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढा १७. दुसऱ्या २५७ वरही तोच १७. "जुळवणीला फर्म्यांच्या थप्प्या ओळीनं लावतात. माणूस फिरत फिरत एकेक उचलतो. अठराच्या जागी कुणी सतराची थप्पी ठेवली, तर तो बिचारा उचलतच जाणार."

हे ऐकलं आणि पोटात गोळाच आला. कारण याचा अर्थ असा की चूक एका प्रतीची नव्हती. ती थप्पी संपेपर्यंत जेवढ्या प्रती जुळवल्या, तेवढ्या सगळ्या अशाच निघाल्या असणार. ग्रंथालयात त्याच खरेदीतली दुसरी प्रत होती. काढून बघितली. २७२, २५७, २७२, २८९. तारखांच्या चिठ्ठीवर पंचवीस-तीस शिक्के होते. एवढे लोक ते पुस्तक घरी घेऊन गेले आणि एकानेही आत पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं. मी आता दोन्ही प्रतींत पहिल्या पानावर चिठ्ठी डकवलीय: 'पृष्ठे २७३ ते २८८ नाहीत.' ग्रंथपालांची परवानगी घेऊन.

आता पुढची खटपट. पुण्याच्या भावाला अप्पा बळवंत चौकात पाठवलं. त्याला मिळालेली आवृत्ती वेगळ्या प्रकाशनाची, पानांचे आकडे वेगळे, टाईप वेगळा. तरी घे म्हणणार होते, पण त्याने फोनवर प्रकरणांचे आकडे सांगितले आणि काहीतरी जुळेना. तोवर मी एका जुन्या पुस्तकवाल्याकडून ऑनलाइन एक प्रत मागवली होती. ती आठ दिवसांनी आली आणि हातात घेताच कळलं, ही फारच हलकी. आत, तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात 'संक्षिप्त'. मुखपृष्ठावर नाही, विकणाऱ्याच्या वर्णनात नाही. संक्षिप्त आवृत्ती काढायला माझी हरकत नाही, शाळेतल्या मुलांना ती दारही उघडून देते. पण तो शब्द मुखपृष्ठावर, नावाइतक्याच ठळक अक्षरात हवा. जुनं पुस्तक मागवताना पानांची संख्या विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. तुम्हीही लिहा.

मग स्कॅन. आपटे १९१९ मध्ये गेले, कॉपीराइट कधीच संपला, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन मोकळे मिळतात. मिळालाही. पण त्यात शब्द शोधता येत नाही, पानं वाकडी, कडेची अक्षरं शिवणीत बुडालेली. माझ्या प्रतीतली २७२ ची शेवटची ओळ आणि २८९ ची पहिली ओळ मी एका चिठ्ठीवर उतरवली आणि मोबाईलवर अंगठ्यानं पानं ढकलत बसले. दोन रात्री गेल्या. दुसऱ्या रात्री पहिली ओळ सापडली! त्या आनंदात खाली येऊन पाणी प्यायले, वर गेले, वाचायला लागले आणि सहाव्या पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. निम्मं पान अंगठ्याखाली.

त्या रात्री मी खाना बदलायचं जवळजवळ ठरवलंच होतं. 'मोचनगड' घरात होतं, गुंजीकरांचं, १८७१ चं. छोटं, तीन दिवसांत झालं असतं.

४ जूनला भाजी घेताना शाळेतल्या आमच्या मराठीच्या बाई भेटल्या. काळा चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला. काय वाचतेस, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी सगळं रामायण सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, माझ्याकडे आहे की. बी.ए.ला होतं आम्हाला. पण पुस्तक घराबाहेर जाणार नाही. इथं बसून वाच. आणि मोठ्यानं वाच, मला महिनाभर अक्षर बघायची बंदी आहे."

संध्याकाळी गेले. बाईंची प्रत खाकी कागदाचं वेष्टण घातलेली, कडा पिवळ्या, आणि जुन्या शुद्धलेखनातली. १९६२ च्या नियमांच्या आधीचे सगळे अनुस्वार जागच्या जागी: नाहीं, कांहीं, घरांत. चिठ्ठीवरची ओळ शोधायला दहा मिनिटं लागली. बाईंनी प्रकरण सांगितलं, मी बोट फिरवत गेले. सापडली तेव्हा दोघी एकदमच "हां!" म्हणालो.

माझी सोळा पानं त्यांच्या प्रतीत वीस झाली होती, टाईप मोठा म्हणून. वाचायला पाऊण तास धरला होता, लागला दीड. कारण बाई थांबवायच्या. "परत वाच ते." एखाद्या वाक्याला नुसता उसासा. एकदा तर म्हणाल्या, "एवढी घाई कसली? यमू धापा टाकत बोलतेय का?" आणि खरंच, मी चाळीस पानांच्या वेगानं वाचत होते. आवाज हळू केला. मग जे वाक्य डोळ्यांनी मी सहज ओलांडलं असतं, तिथं श्वास घ्यायला थांबावं लागलं, आणि थांबल्यावर कळलं की यमू काय बोलायचं टाळतेय. तोपर्यंत २७२ पानं मी यमूचं वाचलं होतं. त्या दीड तासात पहिल्यांदा ऐकलं.

निघताना बाईंनी शेंगाचटणीची बाटली हातात ठेवली. उरलेली १७६ पानं तीन रात्रींत झाली. तिन्ही रात्री गच्चीवर मोठ्यानं, पण हळू आवाजात वाचलं.

बाकीच्या खान्यांचं थोडक्यात. कन्नडमधून आलेलं, शाहिरी, प्रवास, विज्ञान, हे सगळं एप्रिलमध्येच सुरळीत पार पडलं. शाहिरीच्या खान्यात अर्थातच आपले सोलापूरचे राम जोशी. गावाचा खाना मात्र मनाला लागला. १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी लावलेला लष्करी कायदा, वाचला, मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली तिथवर, आणि दुसऱ्या दिवशी चार पुतळ्यांच्या चौकातून रिक्षा गेली तेव्हा चारही नावं मनात म्हटली. रोज त्या चौकातून जाते, चारही नावं क्रमानं कधी आठवली नव्हती.

यंदा वहीत वेळेचा रकाना घातला होता, त्याचा निकाल. एकूण ३,१४२ पानं. दुपारची वाचलेली पानं सगळ्यात कमी लक्षात राहिलीत, हे गोषवारे लिहिताना उघड दिसलं. उन्हात डोळे ओळींवरून नुसते सरकतात. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटांत कविता उत्तम होते, कादंबरी नाही. आणि सगळ्यात भरघोस वाचन कधी झालं? पाण्याच्या रात्री! चार-पाच दिवसांनी नळ येतो, तोही रात्री कधीही, त्यामुळे जागं राहावंच लागतं. मोबाईल वर चार्जिंगला, कान नळाकडे, हातात पुस्तक. एका पाण्याच्या रात्री सरासरी पासष्ट पानं झालीत. पुढच्या हंगामात पाण्याचं वेळापत्रक धरूनच जाड पुस्तकं लावणार आहे.

पुढचा हंगाम, मृग ते दसरा. मी पुन्हा बारा खाने आखले होते. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात चमकली आणि मी उठून कपाटातून यादी काढली. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७, मराठीतली पहिली कादंबरी. तिचीही नायिका यमुना, तिचाही विषय विधवांची दुःखं. आणि तेहेतीस वर्षांनी आपट्यांची यमू. पहिली यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरत इतरांच्या कहाण्या ऐकते, दुसरी घरात बसून आपली सांगते. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला हवीत, वेगवेगळ्या खान्यांत नव्हे.

तर बारा रद्द. पावसाळ्यात फक्त चार: 'यमुनापर्यटन', मग हळब्यांची 'मुक्तामाला', १८६१ ची, मग ते राहिलेलं 'मोचनगड', आणि शेवटी यमू पुन्हा एकदा, सलग, अठराव्या फर्म्यासकट. रोजची पानं मोजणार नाही. 'करमणूक'च्या वाचकांना आठवड्याला एक तुकडा मिळायचा, मीही तसंच करणार. दर गुरुवारी संध्याकाळी बाईंकडे, एक प्रकरण, मोठ्यानं. बाईंना आत्ताच फोन केला. त्या म्हणाल्या, "ये, पण सहाच्या आत ये, नंतर इथं पावसात लाईट जाते."

'यमुनापर्यटन'ची प्रत ग्रंथालयात आहे, उद्या आणते. अण्णांनी शिकवल्याप्रमाणे काउंटरवरच प्रत्येक सोळाव्या पानापाशी तळाचा आकडा तपासून मगच सही करणार. कुणाकडे 'मुक्तामाला'ची पूर्ण प्रत असेल तर पानांची संख्या तेवढी मोजून कळवा.