विजापूर: गोल घुमटाच्या पलीकडे

विजापूरला जाणारा मराठी माणूस गोल घुमटात चढतो, आरोळ्या ठोकतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. आम्ही या वेळी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी गेलो. १५८० मध्ये नवव्या वर्षी गादीवर आला, सुरुवातीला कारभार चुलती चांदबिबीने पाहिला, १६२७ पर्यंत राज्य केलं. स्वतः दखनीत गाणी रचायचा. त्याच्या 'किताब-ए-नवरस'मध्ये सरस्वती-गणपतीची स्तुती आहे. लाडका हत्ती आतशखान आणि तंबोरा मोतीखान यांच्यावरही पदं आहेत. तंबोऱ्याला नाव ठेवणारा राजा मला तरी दुसरा माहीत नाही!

सोलापूरहून साधारण शंभर किलोमीटर, बस सोयीची. उतरल्यावर सकाळीच थेट पश्चिमेला इब्राहिम रोझा, म्हणजे त्याची कबर गाठा, घुमट नंतर. मलिक संदल या स्थपतीचं हे काम. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे हौद. कबरीच्या खिडक्यांना दगडी जाळ्या आहेत, पण नक्षीच्या नव्हे, अक्षरांच्या! अक्षरांच्या फटींतून जेवढा येईल तेवढाच उजेड आत. डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून घाई करू नका. वरचं छत सपाट, दगडी, मधे खांबाचा आधार नाही. त्याच्याखाली उभं राहून मी दोनदा वर पाहिलं, उगाच. आम्ही दीड तास बसलो, तोही कमी पडला.

मग अर्ककिल्ल्यात, म्हणजे शहराच्या आतल्या किल्ल्यात, नरसोबाचं देऊळ. खंदकाकाठी, पिंपळाखाली, छोटंसं. इब्राहिम इथे दर्शनाला यायचा असं सांगतात. घाईत चुकतं, रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा.

खरी चूक आमची नवरसपूरला झाली. नऊ रसांच्या नावाने १५९९ मध्ये त्याने तोरवी गावाजवळ ही नवी नगरी वसवायला घेतली. तटबंदी पुरती झालीच नाही, आणि १६२४ मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरच्या फौजेने ती लुटली. आज संगीत महालाची ती प्रचंड कमान, बाकी शेतं आणि काटेरी झुडपं. आम्ही भर दुपारी, एकच पाण्याची बाटली घेऊन गेलो आणि रिक्षा सोडून दिली. परतताना वाहन मिळेना, मुख्य रस्त्यापर्यंत पायपीट झाली. रिक्षा जाता-येताची ठरवा, थांबण्याचे पैसे आधी बोला, शक्यतो चारनंतर निघा. डिसेंबरातही ऊन कडक असतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. गोल घुमट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडता उघडता पाहिला. शाळांच्या सहली यायच्या आधी कुजबुजसुद्धा पलीकडे ऐकू आली.