ग्रात्सच्या २६० पायऱ्या

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. लेकीकडे ग्रात्सला जायचं ठरलं, तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं, ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आणि उतरणं होईल तितकं टाळा.’

ग्रात्स म्हणजे व्हिएन्नाखालोखाल ऑस्ट्रियातलं मोठं शहर. मधून मूर नदी वाहते आणि नदीलगतच श्लॉसबर्ग ही किल्ल्याची टेकडी उभी आहे. वर जायला १८९४ सालची रेल्वे आहे, डोंगराच्या पोटातून जाणारी लिफ्ट आहे, आणि कड्याला बिलगून वळणं घेत गेलेल्या २६० पायऱ्या आहेत.

‘आई, लिफ्टनं जाऊ या ना.’

‘येताना जाऊ. चढायचं मला पायांनीच आहे.’

वीस वर्षं सह्याद्रीत भटकले आहे मी. किल्ल्यावर लिफ्टनं जायला मन घेईना.

डावा पाय दुखरा, म्हणून काठी उजव्या हातात. उजवा पाय वर, मग डावा त्याच्या शेजारी, मग पुढची पायरी. प्रत्येक वळणावर थांबायचं, श्वास खाली बसू द्यायचा. या पायऱ्या पहिल्या महायुद्धात बांधल्या. ऑस्ट्रियन सैनिकांच्या बरोबरीनं रशियन युद्धकैद्यांनीही त्यासाठी दगड फोडला. हे लेकीनं सांगितल्यावर मी पायरीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागले. खाली लाल कौलं पसरलेली, आणि नदीपलीकडे त्या कौलांमध्ये निळा फुगीर कुन्स्टहाउस, २००३ सालचं कलासंग्रहालय. लेकीला ते फार आवडतं. मला आवडायला तीन वळणं लागली.

शेवटच्या पायरीवर गुडघा थरथरत होता, पण कळ नव्हती. समोर घड्याळाचा मनोरा. त्यात तीनला पाच कमी दिसत होते. खरे वाजले होते सव्वाअकरा. इथला तासकाटा लांब आणि मिनिटकाटा आखूड आहे. पूर्वी एकच काटा होता, लांबून दिसावा म्हणून मोठा केलेला. मिनिटांचा नंतर बसवला, तो लहान.

मनोरा आहे, पण किल्ला नाही. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजेला हा किल्ला हल्ला करून घेता आला नाही. तहानंतर मात्र तो पाडण्यात आला. तेव्हा गावकऱ्यांनी जवळजवळ तीन हजार गुल्डन भरून घड्याळाचा आणि घंटेचा असे दोन मनोरे सोडवून घेतले. मला तिथेच बसावंसं वाटलं. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८१८ मध्ये, इंग्रजांनी आपल्या कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. अलंग-मदनच्या त्या तुटक्या कड्यांवर मी दोर लावून चढले आहे. सोडवून घ्यायला आपल्याकडे तेव्हा कोण उरलं होतं?

या गावाला राखायची सवयच आहे. आदल्या दिवशी पाहिलेल्या शस्त्रागारात चार मजले भरून सुमारे ३२,००० शस्त्रं आणि चिलखतं आहेत. १७४९ मध्ये मारिया तेरेझा राणी ते मोडीत काढणार होती. पूर्वजांच्या शौर्याची आठवण म्हणून राहू द्या, अशी विनंती इथल्या लोकांनी केली आणि तिनं ती मानली.

थोडं वर घंटेचा मनोरा आहे. त्यातल्या १५८७ सालच्या घंटेला सगळे ‘लीझल’ म्हणतात, घरातल्या मुलीला हाक मारावी तसं. ती दिवसातून तीनदा १०१ ठोके देते. आम्ही बाकावर बसलो, लेकीनं माझा पाय मांडीवर घेऊन गुडघ्याभोवती हलक्या हातानं चोळलं, आणि बाराचे ठोके सुरू झाले. मी मोजत होते. साठाच्या पुढे लेकही मोजू लागली, मराठीत, लहानपणी पाढे म्हणायची त्याच सुरात. एकशेएकपर्यंत आम्ही दोघींनी मोजलं. मग लिफ्टनं खाली आलो.