तुला तर दिसतं ना, मग अंधांच्या लायब्ररीतली पुस्तकं कशी घेतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण इथे नौपाड्यात शेजारच्या काकूंपासून ते ऑफिसातल्या मंडळींपर्यंत प्रत्येकजण एकदा तरी हे विचारतोच, की अगं तुझे डोळे चांगले आहेत, मग अंधांसाठीची पुस्तकं तुला कशी काय मिळतात, चालतं का असं? चालतं. आणि नुसतं चालत नाही, माझा हक्कच आहे तो. तुमच्याही घरात कोणाचा तरी असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू अशक्त होत जातात. चारशे पानांची कादंबरी उचलून समोर धरायची आणि दुसऱ्या हाताने पान उलटायचं, एवढं माझ्या हातांना होत नाही. टेबलावर ठेवून वाच ना, असं सुचवतात लोक, पण घट्ट बाइंडिंगचं पुस्तक हात काढला की मिटतं, आणि ते दाबून धरायला जो जोर लागतो तोच माझ्याकडे नाहीये. लहानपणी बाबा मला ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात न्यायचे, १८९३ सालची संस्था आहे ती, वाचायचा नाद तिथला. हात थकले म्हणून नाद थोडाच थकतो!

आता नियमाचं. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या मोठ्या सरकारी ग्रंथालयाने सरकारी खर्चाने अशी पुस्तकं पुरवायची सेवा सुरू केली ती १९३१ च्या कायद्याने, तेव्हा ती फक्त अंध प्रौढांसाठी होती. ज्यांना पुस्तक धरता येत नाही किंवा पान उलटता येत नाही अशांना त्यात घ्यायला १९६६ उजाडावं लागलं, पस्तीस वर्षं! २०१३ ला मोरोक्कोतल्या माराकेशला जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यात मात्र हे पहिल्यापासून आहे, अंध, कमी दिसणारे, डिस्लेक्सियासारख्या अडचणीमुळे छापील मजकूर वाचता न येणारे, आणि शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक हातात धरता न येणारे, सगळे एका रांगेत. आणि हा करार सगळ्यात आधी मंजूर करणारा देश कोणता, तर भारत, २०१४ साली. मला याचा फार अभिमान वाटतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात तर २०१२ लाच बदल झाला होता, अपंग वाचकासाठी नफा न कमावता पुस्तक वाचता येईल अशा रूपात करून द्यायचं असेल तर प्रकाशकाची परवानगी लागत नाही, आणि तिथे 'अपंग' म्हटलंय, फक्त 'अंध' नाही.

मग २०१६ ला सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाइन लायब्ररी सुरू झाली, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि केंद्र सरकारचा अपंगांसाठीचा विभाग यांची. मी फाइल उतरवून घेते, टॅब स्टँडवर, हाताशी एक बटण, ते दाबलं की पान पुढे. डोळ्यांनीच वाचते मी. थकले की तीच फाइल आवाजात ऐकते. आता सगळं ऑडिओबुकात मिळतंच की, असंही म्हणतात लोक, पण तिथे जे खपेल ते असतं, आणि डेझी पुस्तकात, म्हणजे छापील वाचता न येणाऱ्यांसाठी ठरवलेल्या डिजिटल रूपातल्या पुस्तकात, प्रकरणावरून प्रकरणावर, थेट पानावरही उडी मारता येते. अभ्यास करणाऱ्याला विचारा याची किंमत.

सुरुवातीला मलाही संकोच होता, की अंध लोकांच्या वाट्याचं आपण घेतोय. ऐरोलीची माझी एक मैत्रीण जन्मापासून अंध आहे, ब्रेलही वाचते आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, इतक्या वेगात लावते की मला एक शब्द कळत नाही. तिने मला स्वच्छ सांगितलं, ब्रेलचा खंड एकाकडे असला की दुसऱ्याला थांबावं लागतं, फाइलचं तसं नसतं, तू घेतलीस म्हणून माझी कमी होत नाही, उलट मागणारे वाढले तर पुस्तकं वाढतील.

आणि मराठी पुस्तकं वाढायलाच हवी आहेत. किती तरी पुस्तकं जुन्या फॉन्टमधे टाइप केलेली, पीडीएफ उघडली तर डोळ्यांना मराठी दिसतं पण स्क्रीन रीडर भलतीच अक्षरं वाचतो. मग पानं स्कॅन करायची, ओसीआर करायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घ्यायची, आणि चुका काढत बसायच्या. 'घर' चं 'धर' होतं, रफार उडतो, आणि 'धर' हाही शब्दच असल्यामुळे कॉम्प्युटरला काही खटकत नाही. आम्ही दोघी हे काम करतो, ती ऐकते आणि अडखळली की थांबवते, मी स्कॅन केलेलं पान बघून दुरुस्त करते. तिचा कान इतका पक्का आहे की वाक्य पुरं व्हायच्या आधी तिला कळतं इथे काहीतरी चुकलंय. एकेका पुस्तकाला आठवडेच्या आठवडे जातात, पण ते झालं की कायमचं झालं.

तर तुमच्या घरी पॅरालिसिस झालेले आजोबा असतील, हात थरथरतात म्हणून पेपर सोडलेली आत्या असेल, तर त्यांच्यासाठी विचारा. सुगम्य पुस्तकालयाशी जोडलेल्या एखाद्या संस्थेतून सदस्य व्हायचं, अपंगत्वाचं सर्टिफिकेट तयार ठेवायचं, आणि कोणी म्हणालं की हे फक्त अंधांना, तर माराकेश कराराचं नाव घ्या. आणि तुमच्यापैकी कोणी लेखक किंवा प्रकाशक असाल तर छपाईला फाइल जाते तेव्हाच तिची युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळेल अशा अक्षरांतली, एक प्रत जपून ठेवा आणि अशा संस्थेला द्या, आमचे ते आठवडे वाचतील आणि तेवढ्यात आम्ही दुसरं पुस्तक घेऊ.