पेट स्कॅन झाल्यावरही मेंदूचा एमआरआय कशासाठी?

मावशीच्या स्तनाच्या कर्करोगाचा पेट स्कॅन चांगला आला, तरी डोके सतत दुखत असल्यामुळे डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला, तेव्हा घरात पहिली शंका निघाली ती खर्चाची. कारण कळल्यावर मात्र ती कोणी पुन्हा काढली नाही. पेट स्कॅनमध्ये शिरेतून किरणोत्सारी ग्लुकोज देतात आणि जिथे त्याचा वापर अधिक, तो भाग उजळतो. पण मेंदूचे कामच ग्लुकोजवर चालत असल्याने तो सगळाच उजळलेला असतो. दिवाळीच्या संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर एखादी पणती शोधावी, तशी त्यात लहान गाठ हरवते.

एमआरआयमध्ये गाठ उठून दिसावी हे काम गॅडोलिनियमचे इंजेक्शन (कॉन्ट्रास्ट) करते. निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्या ते बाहेर झिरपू देत नाहीत, गाठीतल्या वाहिन्या मात्र गळक्या असतात. म्हणून साधारण १ मिलिमीटर जाडीच्या कापांमध्ये अगदी लहान गाठही पांढऱ्या ठिपक्यासारखी उठून दिसते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट चालतात का हे सांगणारी रक्ततपासणी) ठीक असताना केवळ पैसे वाचवण्यासाठी कॉन्ट्रास्ट टाळणे मला तरी पटत नाही. मावशीची गाठ मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर होती. तिथे वाहिन्या अरुंद होतात आणि रक्तातून आलेल्या पेशी अडकतात, त्यामुळे ही जागा नेहमीचीच. गाठीपेक्षा भोवतालची सूज कितीतरी मोठी होती, आणि डोकेदुखी मुख्यतः तिच्यामुळे होती.

खरा पेच पुढे, रेडिएशननंतर काही महिन्यांनी आला. त्याच जागचे पांढरे कडे आधीपेक्षा मोठे दिसू लागले. गाठ पुन्हा वाढली तरी असे दिसते आणि रेडिएशनने तिथल्या पेशी मेल्या तरी असेच दिसते. नुसत्या एका चित्रावरून अनेकदा निवाडा होत नाही. एरंडवण्यातल्या रेडिओलॉजिस्टबाईंनी म्हणूनच आधी जुनी सीडी मागितली. "रिपोर्टचा कागद नको, मूळ चित्रे द्या," असे म्हणून त्यांनी दोन्ही स्कॅन पडद्यावर शेजारी लावले आणि एकाच पातळीचे काप जुळवून मापे घेतली. (पुण्यात आपण फिल्मचे मोठे पाकीट गादीखाली जपून ठेवतो आणि सीडी हरवतो!) मग पर्फ्युजन, म्हणजे त्या जागेचा रक्तपुरवठा, पाहिले. वाढत्या गाठीत रक्तपुरवठा सहसा जास्त असतो. इथे तो कमी होता. त्यामुळे हा रेडिएशनचाच परिणाम असावा असे धरून डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केले आणि पुढचा एमआरआय दोन महिन्यांनी, शक्यतो त्याच मशीनवर, करायला सांगितला.