पत्ता एक, दावेदार दोन

देवबाग, शुक्रवार, रात्री

आज पुन्हा तेच. वळवाची सर आली, लाईट गेली, अर्ध्या तासाने आली. पडवीतला कॉम्प्युटर सुरू होऊन जरा स्थिरावतोय तोवर कोपऱ्यात ती चौकट आलीच: आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट. आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा पत्ता. या नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरलाही हाच ॲड्रेस आहे म्हणे. अहो, दुसरा कॉम्प्युटर घरात आहे कुठे? तिकडे बुकिंगचं पान अर्धं उघडून अडकलेलं आणि पाहुणे बिलासाठी उभे.

कस्टमर केअरचा सल्ला नेहमीचाच, बंद करून चालू करा. चीड येते ती अशासाठी, की त्याने खरंच चालतं. मग तक्रार मिटली अशी नोंद होते आणि पुढच्या वेळी लाईट गेली की पहिल्यापासून सगळं. मध्ये एकदा कॉम्प्युटर ठणठणीत होता, तर वरच्या खोलीतल्या पाहुण्यांचं वायफाय सारखं येत-जात होतं. त्यांनी जाताना दोन शब्द सुनावलेच.

धागा खरा दिला तो आईंनी. कोकमं वाळत घालता घालता म्हणाल्या, "लाईट इल्यावरच कित्याक बिघडता ता?" सासूबाईंना राउटर म्हणजे भिंतीवरची लुकलुकणारी पेटी एवढंच ठाऊक, पण प्रश्न अचूक होता. दिवसभर चालू असताना कधीच बिघडत नाही. म्हणजे लाईट आल्यावर कोण आधी जागं होतं आणि कोण मागाहून, यातच काहीतरी आहे.

रात्री पाहुणे जेवून झोपल्यावर बसले. चौकट आली तेव्हाचा पत्ता वहीत उतरवून ठेवला होता, १९२.१६८.१.५. कॉम्प्युटरची लॅन केबल काढली आणि फोनवरच्या ॲपमधून त्याच पत्त्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारली. केबल माझ्या हातात आणि पत्त्यावरून मात्र उत्तर येतंय, एकामागून एक, दोन-तीन मिलिसेकंदांत! म्हणजे घरात कुणीतरी आहेच.

केबल परत लावली. या खेपेला कॉम्प्युटरला मिळालेल्या पत्त्याचा शेवटचा आकडा ६ होता. त्यावरून ५ ला पिंग करून एआरपीची यादी काढली, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या यंत्राचा याची कॉम्प्युटरने ठेवलेली नोंद. तिथे प्रत्येक पत्त्यासमोर त्या यंत्राचा मॅक ॲड्रेस असतो, बारा अक्षरं-आकड्यांचा. पाहुण्यांचे फोन त्यातून लगेच वगळता आले. हल्लीचे फोन वायफायला खरा मॅक सांगत नाहीत, बनवलेला देतात, आणि तशा मॅकमध्ये दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई यांपैकीच काहीतरी असतं. ५ समोरचा मॅक तसला नव्हता. खऱ्या मॅकची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात. ती शोधली तर निघाली कॅमेरे बनवणारी कंपनी.

टॉर्च घेऊन माळ्यावर चढले. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डब्बा, डीव्हीआर, फळीवर, मागे पालीची दोन अंडी, स्क्रू खाऱ्या हवेने तांबूस झालेले. डब्बा उलटा केला. खालच्या स्टिकरची कडा सुटलेली, पण मॅक वाचता येत होता. शेवटची चार अक्षरं जुळली. सापडला!

मग सगळं उलगडलं. कॅमेरे बसवले तेव्हा डीव्हीआरला हा पत्ता कायमचा घालून दिला होता. बाकीच्या यंत्रांना पत्ते राउटर वाटतो. जुना राउटर शेवटचा आकडा १०० च्या पुढे असलेले पत्ते वाटायचा, त्यामुळे भांडण नव्हतं. मागच्या पावसाळ्यानंतर फायबर आलं, त्याबरोबर नवा राउटर आला आणि तो २ पासूनच वाटायला लागला. लाईट गेली की त्याची वाटपाची यादी कोरी. परत आली की तो आणि कॉम्प्युटर झटपट उठतात, डीव्हीआर हार्डडिस्क तपासत बसतो. तेवढ्यात ५ रिकामा दिसतो म्हणून कुणाला तरी दिला जातो, कधी कॉम्प्युटरला, कधी पाहुण्याच्या फोनला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकलेल्या सीटवर कंडक्टरने दुसऱ्याला बसवावं तसं. रुमालवाला दारातून आत येईपर्यंत सगळं सुरळीत.

रिस्टार्टने का चालायचं तेही कळलं. पत्ता वापरण्याआधी 'इथे कुणी आहे का' असं विचारून घ्यायचं, ही रीत इंटरनेटच्या नियमांच्या २००८ च्या दस्तऐवजात, आरएफसी ५२२७ मध्ये, लिहिलेली आहे. डीव्हीआर जागा असताना कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की त्याला 'आहे' असं उत्तर मिळतं आणि तो दुसरा पत्ता मागून घेतो. राउटर कंपनीने, कॅमेरेवाल्याने, दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच केलं होतं. पण दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

दुरुस्ती अगदी किरकोळ. राउटरच्या पानावर डीएचसीपीची, म्हणजे पत्ते वाटण्याची, हद्द १०० ते २०० केली, डीव्हीआर आपल्या जागी राहू दिला. मग मेन स्विच पाडून परत टाकला. आईंनी आतून विचारलं, "गेली काय गो?" म्हटलं, मीच घालवली. कॉम्प्युटरला १०१ मिळाला, थोड्या वेळाने डीव्हीआर उठला, चौकट आली नाही. पुन्हा पाडून बघितलं, तरी नाही. मॅक आणि पत्ते वहीत लिहून ठेवलेत.

डीव्हीआरवर मात्र तारीख १ जानेवारी २००० दाखवतेय. आतला सेल संपलेला दिसतो. उद्या मालवणात भाजीला जाईन तेव्हा सीआर २०३२ मिळतो का बघायला हवं.