हनुवटीवरचा रंग उडालाय का?

कोड मला नवव्या वर्षापासून आहे. आधी हनुवटीवर आलं, मग डाव्या डोळ्याभोवती, मग हातांवर. स्वतःचा चेहरा रंगवायला मात्र चाळिशी उजाडली. चित्र वाळत असतानाच एका आंतरराष्ट्रीय समूह प्रदर्शनाचा ओपन कॉल, म्हणजे चित्रं पाठवण्याचं खुलं आवाहन, दिसला. विषय: ओळख, सौंदर्य आणि अपूर्णता. वाचून आधी आठ्याच पडल्या. अपूर्णता म्हटली की फुटकं भांडं झाडाच्या चिकाच्या रोगणाने आणि सोन्याच्या भुकटीने सांधणारी ती जपानी किंत्सुगी कला आलीच, आणि मला भांडं व्हायचं नव्हतं. तरी अर्ज भरला.

चित्र तैलरंगातलं, 60 बाय 75 सेंटिमीटर. त्यातले डाग मी रंगवलेले नाहीत, रंगवायचे सोडलेत. कॅनव्हासला आधी जेसोचा पांढरा थर देतात, तोच तिथे उघडा ठेवला. आजूबाजूच्या त्वचेवर रंगाचे चार-पाच हात बसलेत, त्यामुळे डागाची कड बोटाला लागते. (चित्राला बोट लावू नये. मी लावते.)

अर्जासाठी फोनवर फोटो काढला आणि पाहते तर काय, डागांच्या कडा विरलेल्या, डोळ्यांखालच्या सुरकुत्या गायब! फोनने चित्रातल्या बाईला खरी समजून तिचं तोंड गुळगुळीत करून टाकलं होतं. चित्र इतकं हुबेहूब जमलं म्हणून खूश व्हावं की चिडावं, कळेना. ते सेटिंग बंद केलं तरी विश्वास बसेना. शेवटी एका मैत्रिणीचा जुना कॅमेरा आणला, दोन्ही बाजूंना 45 अंशांवर एकेक दिवा लावला आणि रंग जुळवायला चित्राशेजारी करडं कार्ड ठेवलं. दोन दिवस गेले त्यात. पण निवड करणारे फोटोच बघतात, चित्र नाही. तेव्हा कंटाळा करायचा तर तो दुसरीकडे करावा.

अर्जासोबत चित्राबद्दलचं निवेदन 150 शब्दांत हवं होतं. पहिल्या मसुद्यात मी चक्क 'अपूर्णतेचा उत्सव' असं लिहून बसले होते. तो फाडला तो इटालियन चित्रकार गिर्लांदायोमुळे. साधारण 1490 मधलं त्याचं म्हातारा आणि नातवाचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. म्हाताऱ्याचं नाक गाठींनी फुगलेलं, आणि नातू त्याच्या छातीवर हात ठेवून वर बघतोय. खिडकीबाहेरचा डोंगर ज्या निगुतीने काढलाय, त्याच निगुतीने ते नाकही. उत्सव नाही की कीव नाही. मग मीही फक्त कुठे काय रंगवलं आणि कुठे थांबले एवढंच लिहिलं.

निवड झाली. खरी दमछाक पुढे होती. साध्या लाकडाची पेटी परदेशी पाठवायची तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेलं लागतं, वर तसा शिक्का. कीड जाऊ नये म्हणून. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून मी प्लायची पेटी केली आणि शहाणी ठरले असं वाटलं; तर आतल्या आधाराच्या पट्ट्या साध्या लाकडाच्या निघाल्या. त्या बदलल्या. चित्राला आधी ग्लासिन नावाचा गुळगुळीत कागद, मगच बबल रॅप, तेही बुडबुडे बाहेरच्या बाजूला, नाहीतर गोल ठसे रंगावर उठतात. चित्र परत येणार होतं म्हणून एटीए कार्ने, म्हणजे वस्तू तात्पुरती परदेशी नेण्याचा सीमाशुल्काचा कागद, काढला. तो जास्तीत जास्त वर्षभर चालतो आणि त्यावर पाठवलेली वस्तू परत आणावीच लागते, त्यामुळे 'विक्रीसाठी' या रकान्यापुढे नाही लिहिलं.

चित्र पोहोचल्यावर तिकडे पेटी उघडून त्याची तपासणी करतात, तिरप्या उजेडात फोटो काढतात आणि कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेची नोंद, भरतात. तपासणाऱ्या बाईंचा मेल आला: "हनुवटीवर आणि डाव्या डोळ्याभोवती रंगाचा थर उडालेला दिसतो. पाठवतानाच असा होता का?" सोबत फोटो. माझ्या हनुवटीवर लाल बाण आणि 'नुकसान 1' असा आकडा.

तासभर मी धुसफुसत होते. लहानपणापासून हेच विचारलंय लोकांनी, जरा वेगळ्या शब्दांत. मग लक्षात आलं, बाईंचं काही चुकलं नव्हतं. तिथे रंग नव्हताच, आणि पेटीत टाकलेल्या माझ्या रिपोर्टात मी ते नोंदवलंच नव्हतं. चांगलं निरखलं होतं त्यांनी. उत्तर लिहिलं: "पांढरे भाग मूळ चित्रातलेच. जेसो उघडा ठेवला आहे. कृपया रंग भरू नये."

पाठवल्यावर तो मेल पुन्हा उघडला, तेव्हा खालची ओळ दिसली. 'नुकसान 2: उजवा खालचा कोपरा चेपला आहे, कॅनव्हास सैल पडला आहे.' हे मात्र खरंच नुकसान होतं आणि रागाच्या भरात मी वाचलंच नव्हतं. घाईघाईने दुसरा मेल केला, की कॅनव्हास ताणलेल्या चौकटीच्या त्या कोपऱ्यातल्या पाचरी मागून हलक्या हाताने ठोकाव्यात, कॅनव्हास ताठ होईल. तासाभरात फोटो आला. कोपरा सरळ झाला होता, आणि रिपोर्टात 'नुकसान 1' वर काट मारून शेजारी त्यांनी सही केली होती.