नऊ एकांची उतरंड: वहीतली पुढची पानं

मागच्या खेपेला १२३४५६७८९८७६५४३२१ वर थांबलो होतो. नऊ एकांचा वर्ग, देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या डेम्लो संख्यांपैकी (१२१, १२३२१ अशा, अंक चढत जाऊन उतरणाऱ्या) एक. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं भागही नि:शेष जातो, म्हणजे त्यांच्याच शब्दांत हर्षद. भागाकारही हर्षद, त्याचा भागाकारही, अशी उतरंड किती खाली जाते ते बघायचं होतं.

स्प्रेडशीटनं दगा दिला. पंधरा अंकांपुढे ती शून्यंच टाकते, शेवटचे २१ गायब. त्यात इथं बेळगावात पाऊस, आणि वीज गेली. मेणबत्तीवर हातानंच केलं: १५२४१५७८९९७१०४१. बेरीज ६४, संख्या विषम. एकाच मडक्यावर उतरंड खलास.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अण्णांना गाठलं. हिशेब पक्का, पण अंक कन्नडमध्ये लिहितात, आणि कन्नड १ म्हणजे खालून उघडं राहिलेलं वर्तुळ. कागद बघून मी म्हटलं, "अण्णा, एवढी शून्यं कशाला लिहिलासा?"

"शून्य न्हवं ओ, एक हाय ते. वर्ग कशाला घेतलासा, साधंच बघा की."

बघितलं. १११११११११ ची बेरीज ९, भागाकार १२३४५६७९. ह्यात ८ नाही हे आपल्याला सगळ्यांना तोंडपाठ; पण ८ नाही म्हणूनच बेरीज ४५ ऐवजी ३७ होते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि ३७ नं भाग जातो! १११ = ३ × ३७, तेव्हा ३७ आत असणारच. बेरीजही नेमकी तेवढीच यावी हा मात्र मी योगायोगच धरतो. भागाकार ३३३६६७. बेरीज २८, विषमाला २८ नं भाग कसला जातोय! वर्गापेक्षा वर्गमूळ एक पायरी खोल गेलं.

३३३६६७ मूळ संख्या आहे हे पुस्तकात वाचून मला समाधान नव्हतं. सरळ गेलं तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. पण ही संख्या ९९९९९९९९९ चा भाग आहे. तिचा एखादा मूळ अवयव प असेल, तर १० चे घात प नं भागत गेल्यावर नवव्या घाताला बाकी १ येते. त्याआधीच, म्हणजे पहिल्या किंवा तिसऱ्या घाताला, १ यायला प हा ३ किंवा ३७ हवा. ते दोन्ही बाद, ३७ नं तर बाकी १ उरते. म्हणून प−१ ला ९ नं भाग जायलाच हवा, आणि प विषम असल्यामुळं १८ नंही. १९, ७३, १०९… असे ५७७ पर्यंत फक्त १६ उरतात. चहा गार व्हायच्या आत सोळाही संपले. शेवटचा ५७७ × ५७८ = ३३३५०६, बाकी १६१.

आता दहा एक घेतलेत. त्यांच्या वर्गात हातचा येतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. बेरीज ८२, संख्या पुन्हा विषम. अण्णांना अजून सांगितलं नाही.